डनव्हेगनचा पाहुणा

सप्टेंबर १७७३ मध्ये इंग्रजीचे कोशकार सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचा मित्र जेम्स बॉस्वेल स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील डनव्हेगन किल्ल्यात आठवडाभर मुक्कामाला होते. मॅक्लाउड घराण्याचा हा किल्ला खडकावर उभा. १७४८ पर्यंत आत शिरायला समुद्राकडचाच दरवाजा होता. या प्रवासावर जॉन्सन यांचे पुस्तक १७७५ साली आले, बॉस्वेलचे १७८५ साली.

मुक्कामापुरता आमचा कौल बॉस्वेलला. सर्दी झालेल्या जॉन्सनना घरातल्या मुलीने फ्लॅनेलची टोपी करून दिली, हे तो सांगतो. यजमानीणबाई कुरकुरतात की या खडकावर राहणे गैरसोयीचे, धड बागही होत नाही, घर दुसरीकडे बांधावे. आणि चार दिवसांचा पाहुणा बॉस्वेल खडक सोडू नका म्हणून हट्ट धरतो! त्यावरून जॉन्सननी उडवलेली थट्टाही तो प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. बारमाही वारा सोसणारीचे दुखणे आणि पाहुण्याची किल्ल्याची हौस, दोन्ही आपल्याला एकदम दिसतात.

जॉन्सन यांच्या पुस्तकात असे घर दिसत नाही. निघायचे भान सुटावे इतके सुख तिथे लाभले, हे मात्र ते दिलदारपणे कबूल करतात. खटकतो तो भाषेचा निवाडा. गेलिक आपल्याला मुळीच कळत नाही असे सांगून लगेच ते ठरवतात की ही भाषा कधी लिहिलीच गेली नाही, शंभर वर्षांपूर्वीचे एकही हस्तलिखित तिच्यात नाही. मॅकफर्सनच्या ‘ओसियन’ काव्याच्या खरेखोटेपणाचा वाद तेव्हा पेटला होता, हे खरे. तरीही लिस्मोरच्या डीनचे हस्तलिखित सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे. घरात एक बोली आणि पुस्तकात दुसरी भाषा असणाऱ्या आम्हां लोकांना ही घाई बोचते. त्यांना त्या लोकांचा तिटकारा होता असेही म्हणता येत नाही, कारण गेलिक बायबलच्या बाजूने १७६६ साली त्यांनीच आग्रहाने पत्र लिहिले होते. कागद नाही म्हणजे साहित्य नाही, एवढाच त्यांचा हिशेब.

आणि ज्या किल्ल्यात ते झोपले, तिथेच सतराव्या शतकाच्या अखेरीस रॉडरिक मॉरिसन हा अंध हार्पवादक कवी होता. जुना सरदार गेल्यावर दिवाणखान्यातले संगीत थांबले, याचा शोक त्याने एका गीतात केला. त्याची गीते १९७० साली इंग्रजी अनुवादासह छापली गेली. जॉन्सन वाचणाऱ्याने ती शेजारी ठेवावीत.