सिंप्लिसिसिमस : अजाण पोराने पाहिलेले युद्ध

युद्धकथेत विनोद येतो तो बहुधा विसाव्यापुरता. दोन लढायांच्या मध्ये एखादा खादाड शिपाई आणावयाचा, वाचकाला हसवावयाचे आणि पुन्हा तलवारी उपसावयाच्या. ग्रिमेल्सहाउझेन या जर्मन लेखकाच्या ‘सिंप्लिसिसिमस’ या कादंबरीत मात्र विनोद हीच युद्धाकडे पाहण्याची दृष्टी आहे. शिवराज्याभिषेकापूर्वी सहा वर्षे, १६६८ साली, ती टोपणनावाने प्रसिद्ध झाली.

काळ आहे १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाचा. स्पेसार्टच्या रानाकडेला वाढलेल्या नायकाला स्वतःचे नावही ठाऊक नाही. स्वार येतात तेव्हा घोडा आणि माणूस मिळून एकच प्राणी असावा, असे त्याला वाटते. ते घर लुटतात, बापाला बांधतात आणि त्याच्या तळपायांस मीठ चोळून ते शेळीकडून चाटवितात. बाप हसत सुटतो. त्याला सोबत म्हणून पोरही हसते. निषेधाच्या दहा पानांनी साधले नसते, ते या एका हसण्याने साधले आहे.

पुढे हानाऊच्या किल्लेदाराच्या पदरी वासराचे कातडे पांघरवून त्याला विदूषक करण्यात येते. वेड लागल्याचे सोंग घेऊन तो मोठ्यांना खरे ते सुनावतो. पुढे ‘झोस्टचा शिकारी’ म्हणून तोच मुलूख लुटू लागतो. त्याच्या युक्त्यांना आपण मनापासून हसतो. लुटला गेलेला पोर लुटारू झाला आणि आपणही त्याच्याबरोबर पक्ष बदलला, हे ध्यानात येते तेव्हा हसू ओशाळते. कादंबरीचे खरे सामर्थ्य येथे आहे.

उणिवाही आहेत. उत्तरार्धात उपदेश वाढतो. मुमेलसी सरोवराच्या तळाची सफर कथेला शिथिल करते. १६३६ च्या विट्स्टॉकच्या लढाईचे वर्णन तर बऱ्याच अंशी सिडनेच्या ‘आर्केडिया’च्या जर्मन भाषांतरावरून उचललेले आहे. लेखकाने युद्ध जवळून पाहिले असताना ही उसनवारी खटकते.

हा लेखक काही काळ पलटणीच्या कचेरीत लेखनिक होता, ही गोष्ट आपणां कचेरीकरांस विशेष वाटावी. फर्माने लिहिणाऱ्या हातानेच त्याने फर्मानांखाली चिरडलेल्यांची कथा लिहिली. आपल्या ऐतिहासिक कादंबरीत पराक्रमाला तोटा नाही. लुटलेल्या घरातील पोराने सांगितलेली लढाई मात्र विरळाच. जर्मन न जाणणाऱ्यांसाठी गुडरिक यांचे १९१२ चे इंग्रजी भाषांतर आहे. ते अवश्य वाचावे.