गतिसंवेदक आणि शालेय प्रकल्प : एक चिकित्सा

प्रस्तावना :

अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरातील शाळांत टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्यास आरंभ केला आणि इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती आर्डुइनोसारखे बोर्ड आले. तेव्हापासून 'माणूस आला की दिवा लागतो' हा प्रकल्प विज्ञान प्रदर्शनांत परिचयाचा झाला आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या शैक्षणिक मूल्याची चिकित्सा करावयाची आहे.

विवेचन :

या प्रकल्पातील पहिला दोष नावात आहे. एचसी-एसआर५०१ हा प्रचलित 'गतिसंवेदक' प्रत्यक्षात गती मोजत नाही. तो अवरक्त प्रारणातील बदल टिपतो. त्यातील स्फटिकाचे दोन भाग परस्परविरुद्ध जोडलेले असतात. वरील प्लॅस्टिकचे भिंग समोरचे क्षेत्र अनेक पट्ट्यांत विभागते. उष्ण शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले, की दोन भागांवरील प्रारणात फरक पडून संकेत निर्माण होतो. म्हणूनच आडवा चालणारा माणूस चटकन टिपला जातो, तर स्तब्ध बसलेला विद्यार्थी या उपकरणाच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

दुसरा दोष जोडणीच्या अध्यापनात आहे. वीज, भूमी आणि संकेत अशा तीन तारा जोडल्या व तयार प्रोग्रॅम उतरवून घेतला, की काम संपले असे मानले जाते. वास्तविक या संवेदकाला सुमारे ५ व्होल्ट लागतात. आर्डुइनो ऊनोवर ते मिळतात. मायक्रोबिटच्या ३ व्होल्टच्या टोकावर मात्र तो भरवशाने चालत नाही. वीज दिल्यावर सुमारे एक मिनिट तो स्थिरही नसतो. शिवाय दिवा किती वेळ लागलेला राहील, हे बऱ्याच अंशी संवेदकावरील लहान स्क्रू ठरवतो. हे न सांगितल्याने विद्यार्थी निर्दोष प्रोग्रॅममध्ये चुका शोधत राहतो.

धाराशिव जिल्ह्यातील सोनारीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. काळभैरवनाथाच्या या गावातील माकडे सर्वपरिचित आहेत. मंदिराच्या वाटेवर भाविक मोजण्यासाठी हा संवेदक बसवला, तर माकडही भाविक म्हणून मोजले जाईल, कारण तेही उष्ण रक्ताचे आहे. उलट मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शरीर व परिसर यांच्या तापमानातील अंतर घटते आणि खरा भाविकही निसटू शकतो. प्रदर्शनात यास 'अपयश' म्हटले जाईल. वस्तुतः प्रकल्पातील विज्ञान येथूनच सुरू होते.

मूल्यमापनाचा प्रश्न म्हणूनच कळीचा आहे. दिवा लागला की गुण, न लागल्यास गुण वजा, ही पद्धत प्रामाणिक निरीक्षणास परावृत्त करते. संवेदकासमोर काच धरल्यास काय होते, सकाळच्या व दुपारच्या नोंदींत किती फरक पडतो, सरळ समोरून चालत आल्यास तो उशिरा का टिपतो, अशा प्रश्नांची नोंदवही तपासली जावी. यासाठी वेगळा खर्च लागत नाही. शिक्षकाचा वेळ मात्र लागतो.

निष्कर्ष :

बोर्ड आणि संवेदक शाळेत पोहोचणे ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि साधन हाताळता येणे म्हणजे ते समजणे नव्हे. दिवा का लागला याइतकेच तो का लागला नाही, हे सांगू शकणारा विद्यार्थी घडला, तरच या प्रकल्पास शैक्षणिक म्हणता येईल.