‘गांवगाडा’ आणि बारामतीची पांढरी

कै. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ हा ग्रंथ इ. स. १९१५ त प्रसिद्ध झाला. महसूल खात्याच्या नोकरींत गांवोगांव फिरून जें पाहिलें तें निर्भीडपणें लिहिणारा असा ग्रंथकार विरळा. वतनदार, बलुतेदार व फिरस्ते यांचा भार अखेर कुणब्याचे मानेवर कसा येतो, हें त्यांनीं ज्या बारकाईनें मांडिलें ती आजहि शिकण्यासारखी आहे. ही थोरवी मान्य करूनच आम्हांस एक आक्षेप घ्यावयाचा आहे. व तो ग्रंथकारापेक्षां त्याच्या अनुयायांवर अधिक आहे. गांवचा इतिहास लिहावयास बसणारे बहुतेक लेखक ‘गांवगाडा’ प्रमाण धरून, त्यांत वर्णिलेली व्यवस्था अनादि होती असें गृहीत धरितात.

ग्रंथाचा आरंभच ‘काळी-पांढरी’ या प्रकरणानें होतो. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. विभाग यथार्थ आहे. परंतु पांढरी पडली केव्हां आणि कोणीं पाडली, हा इतिहासाचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. कौटिल्यानें ‘जनपदनिवेश’ प्रकरणांत शंभरांपासून पांचशें कुळांपर्यंतचीं गांवें वसवावीं, अकृत भूमि लागवडीस आणणाराकडून ती काढून घेऊं नये, न कसणाराकडून मात्र घ्यावी, असें सांगितलें आहे. म्हणजे गांव उगवत नाहीं, वसवावें लागतें. आपल्याकडील इस्तावा याच जातीचा : पडीत जमीन उठविणारास प्रथम वर्षीं अल्प धारा, पुढें वर्षागणिक चढता. आणि वसविलेलें गांव मोडतेंहि. कर्नल साइक्स यांनीं गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत दक्षिणेंतील थळझाडे तपासले, त्यांत मूळ कुळांच्या नांवानें ओळखलीं जाणारीं थळें आणि त्यांतच नष्ट झालेल्या कुळांचीं ‘गतकुळ’ शेतें आढळलीं. गतकुळाचा एक शब्द गांवाच्या अनादित्वाचा निकाल लावण्यास पुरेसा आहे.

आतां बारामती घेऊं. हिचें नांव आम्हां शाळामास्तरांच्या तोंडीं मोरोपंतांमुळें. पंत पन्हाळ्याचे, जन्म १७२९. बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयानें कऱ्हेकांठीं आले आणि १७९४ त तेथेंच वारले. बाबूजींचे बंधु आबाजी हे बाळाजी विश्वनाथांचे जामात. आर्या शिकवितांना हें सर्व आम्हीं विद्यार्थ्यांस सांगत असूं. परंतु नाईकांच्या वाड्यास धान्य कोण पुरवी, पेठेंत उदमी कोणत्या कौलावर आले, हें विचारण्याचें आम्हांस तीस वर्षांत सुचलें नाहीं.

बारामतीच्या आधुनिक भरभराटीचें सर्व श्रेय नीरेच्या डाव्या कालव्यास देण्याचा प्रघात आहे. कालव्याचें काम १८७६ च्या दुष्काळांत दुष्काळी काम म्हणून निघालें व १८८५ च्या सुमारास पाणी सुटलें. परंतु म्युनिसिपालिटी स्थापन झाली १८६५ त, म्हणजे त्यापूर्वीं वीस वर्षें. कोरडवाहू मुलखांतील ज्या गांवास तेव्हांच नगरपालिका द्यावी लागली, त्यास पेठेचें बळ आधींच होतें हें उघड आहे. त्या बळाची दुसरी बाजू जवळच सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं दिसली. बाजारच्या दिवशीं कुणब्यांनीं सावकारांचे रोखे जाळले. (कागद जमविणारांस हें वाचून हळहळ वाटते, परंतु ज्याचें शेत त्या कागदांत अडकलें होतें त्याची हळहळ निराळी होती.)

कालव्यानें जें केलें तें अन्य. ऊंस आला, गुळाची पेठ वाढली, १९१४ त दौंडाहून अरुंद रुळांची आगगाडी आली. सासवडचे माळी बागाइताची विद्या घेऊन या पाटाच्या पाण्यावर उतरले आणि पुढें त्यांतीलच मंडळींनीं माळीनगर येथें १९३२ त साखर कारखाना काढिला. हा कुणबी-माळी पांढरींत राहीना. मळ्यांतच वस्ती करून राहूं लागला. पुढें नगरपालिकेच्या हद्दीनें काळीच पोटांत घेतली. ज्या भेदावर ‘गांवगाड्या’ची उभारणी आहे तो भेदच येथें पुसट झाला, आणि ग्रंथ लिहिला जात असतांना कालवा तीस वर्षें वाहत होता. ग्रंथाचा कणा कोरडवाहू गांवाचा असल्यामुळें हा पालट त्यांत उमटला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

या पालटाचा पुरावा सरकारी छापील ग्रंथांत शोधणें व्यर्थ. पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर १८८५ त छापलें. कालव्याचें फळ त्यास दिसणें शक्यच नव्हतें. पुरावा घरोघरच्या दप्तरांत आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं कऱ्हेकांठच्या एका वतनदारांचे घरीं आम्हीं थळझाडा पाहिला. आठ थळें, पैकीं तीन गतकुळ. सायंकाळ झाली होती. नक्कल पुढील खेपेस करूं म्हणून उठलों. पुढील खेपेस दप्तर रद्दींत गेलें होतें. कनिष्ठ वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झाल्यावर त्या कागदांचा उपयोग काय, असें यजमान म्हणाले. आम्हीं त्यांस दोष देत नाहीं; रुमाल सोडून बसलेले असतांना उठलों आम्हीच. त्या तीन थळांचीं आडनांवें आम्हांस आतां आठवत नाहींत.