खाणावळी आणि त्यांचे टीकाकार

पुण्यात नव्याने आलेल्या मनुष्यास पहिल्या दिवशी जागेची चिंता असते आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाची. खोली मिळाली म्हणजे पहिली चिंता मिटते. दुसरी मात्र दिवसातून दोनदा नव्याने उभी राहते. सदाशिव, नारायण आणि नवी या पेठांत स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासासाठी बाहेरगावची जी असंख्य मुले-मुली येऊन राहतात, त्यांना विचारून पाहावे. अभ्यासिका कोणती चांगली यावर त्यांच्यात हसतखेळत वाद होतील. खाणावळ कोणती चांगली हा प्रश्न निघाला की तीच मंडळी गंभीर होतात. अशा या जिव्हाळ्याच्या विषयावर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतील सदरे, खाद्यभ्रमंतीची छोटेखानी पुस्तके आणि मोबाइलवर तारका देऊन केलेली शेरेबाजी, हे सर्व मिळून एक लहानसे वाङ्मयच तयार झाले आहे. वाङ्मय म्हटले की त्याचे परीक्षण ओघानेच आले. म्हणून 'स्वस्त आणि मस्त' या मथळ्याखाली जे लेखन होत असते, त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या लेखनाचे गुण सांगितले पाहिजेत. गल्लीबोळातील लहान दुकानांकडे, ज्यांच्या पाट्याही धड वाचता येत नाहीत अशा उपाहारगृहांकडे, त्याने सुशिक्षितांचे लक्ष वेधले. आपल्या पेठेबाहेर पाऊल न टाकणाऱ्या पुणेकरास मंडईपलीकडे नेले, ही कामगिरीही लहान नव्हे. खाण्याविषयी रसिकतेने लिहिणे हलके नाही, हे पु. ल. देशपांडे यांनी 'माझे खाद्यजीवन' लिहून मराठी वाचकांस केव्हाच पटवून दिले होते. तेव्हा या लेखकांनी खाण्याला विषय केले, याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती त्यांच्या मापाबद्दल.

हे माप पाहुण्याचे आहे. लेखक एखाद्या शनिवारी दुपारी भूक घेऊन आणि बहुधा मित्रांस घेऊन जातो, त्या ठिकाणची नावाजलेली एक वस्तू मागवितो, तिची चव, तर्रीचा रंग, शेवेचा कुरकुरीतपणा यांचे वर्णन करितो आणि पैसे किती झाले हे सांगून लेख संपवितो. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा यांसाठी हे माप चालेल, कारण हे पदार्थ मनुष्य हौसेने आणि अधूनमधून खातो. परंतु तेच माप जेव्हा खाणावळीच्या ताटास लावले जाते, तेव्हा घोटाळा होतो. खाणावळीचे ताट हे एका दिवसाचे नसते. ते महिन्याचे असते. पहिल्या दिवशी जीभ तृप्त करणारी तेलकट रस्सेदार भाजी दहाव्या दिवशी नकोशी होते आणि विसाव्या दिवशी पोट बिघडविते. उलट पहिल्या दिवशी ज्या साध्या वरणभाताकडे पाहुणा ढुंकूनही पाहत नाही, त्याच्याच आधारावर मुले वर्ष काढितात.

आमच्या साहित्यशास्त्राने जेवणाचा दृष्टांत फार प्राचीन काळीच वापरला आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना भरतमुनींनी नाना व्यंजनांनी संस्कारिलेल्या अन्नाचे उदाहरण घेतले आणि सुमनस् पुरुष जसे त्या अन्नाचे आस्वादन करून हर्ष पावतात, तसे प्रेक्षक नाट्याचे करितात, असे म्हटले. या दृष्टांतातील 'सुमनस्' हे विशेषण आम्हांस नेहमीच महत्त्वाचे वाटत आले आहे. आस्वाद घेणाऱ्याचे मन स्वस्थ पाहिजे. पण ज्याचे मन महिन्याच्या विसाव्या तारखेस उरलेल्या नोटा मोजण्यात गुंतले आहे, त्याने सुमनस् कसे व्हावे? त्याच्यासाठी चांगले अन्न म्हणजे ज्याच्याविषयी मनाला काळजी करावी लागत नाही ते. पाहुण्याच्या आस्वादाचे शास्त्र आपल्याजवळ आहे. मेंबराच्या आस्वादाचे मात्र अद्याप कोणी रचिले नाही.

हा भेद काल्पनिक नाही. परगावी शिकणाऱ्या गरीब मुलाच्या जेवणाचा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. पूर्वी ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत, किंवा सात घरी वार लावून आठवडा काढीत. त्या व्यवस्थेचे आपण कौतुक करितो. परंतु तिचे दार एकाच जातीच्या मुलांस उघडे होते, हे सांगावयास विसरतो. बाकीच्यांसाठी ते दार वसतिगृहांनी उघडले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या बोर्डिंगांची मालिकाच उभी राहिली. साताऱ्यास भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व एकत्र जेवत. पुण्याच्या टिळक रस्त्यावरील 'बादशाही'सारखी बोर्डिंग हाऊसे याच सुमाराची. ती १९३२ सालची. १९५५ साली निघालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीनेही खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाचा भार उचलला. सरकारनेही या प्रश्नास हात घालून पाहिला: १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर निघाली आणि २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तीत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात ठरलेल्या वजनाने देण्याची योजना होती. या सर्व प्रयत्नांत स्वस्त जेवण ही मौज नव्हती. ती शिक्षणाची किंवा मजुरीची पूर्वअट होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि खाणावळींच्या चुली थंडावल्या, तेव्हा परीक्षा तोंडावर आलेल्या मुलांनीही वह्या-पुस्तके गुंडाळून गावची वाट धरिली.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्हीही या वाङ्मयात भर घातली होती. एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत, एक बाई आपल्या दिरासह खाणावळ चालवीत. चाळीसएक मेंबर, चार बाके, भिंतीवर खाड्यांची वही. एका गुरुवारी आम्ही तेथे जेवलो. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, चिंचगुळाची आमटी आणि शेवटी ताक असे ते साधे व सुग्रास जेवण होते. आम्ही घरी आलो आणि अत्यंत उत्साहाने एक लेख लिहिला. ठिकाणाचा पत्ता, वाड्याची खूण, आमटीचे वर्णन, सारे काही त्यात होते. लेख लोकांस आवडला. कोथरूड आणि औंधाहून मंडळी गाड्या काढून येऊ लागली. जे मेंबर साडेबारास जेवून एक वाजता पुन्हा अभ्यासिकेत बसत, ते आता जिन्याशी रांगेत तिष्ठत राहू लागले. चार महिन्यांत 'स्पेशल थाळी' आली. सहा महिन्यांत महिन्याचे मेंबर घेणे बंद झाले.

हे आम्हांस ठाऊकही नव्हते. परभणी जिल्ह्यातून आलेला आमच्या वर्गातील एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला व म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलं होतं ते सगळं खरं होतं. पण आता आम्ही तिथे जेवत नाही." त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. आम्ही त्याचा हिशेब विचारला. घरून आठ हजार येत. खोलीचे तीन, अभ्यासिकेचा एक, जेवणाचे तीन. उरलेल्या एका हजारात पुस्तके, चहा आणि गावी जाण्याचे भाडे. त्या तीन हजारांचे साडेतीन झाले असते तर पुस्तक किंवा चहा यांपैकी एक काहीतरी सोडावे लागले असते. आमच्या लेखाने त्याचे जेवण नेले आणि ज्यांस जेवणाची कोठेच वाण नव्हती त्यांच्या ताटात वाढले.

त्या बाईंस आम्ही दोष देत नाही. कष्टाचे चार पैसे अधिक मिळत असतील तर ते नाकारण्याचा उपदेश करणारे आम्ही कोण? किंबहुना या वाङ्मयाचा दुसरा मोठा दोष हाच की स्वस्ताईचे मोल कोण देतो, हे ते कधी विचारीत नाही. मुंबईच्या गिरणगावात गिरणीकामगारांस जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया वाणसामानासाठी सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत; त्यांना संघटित करून बँकांची कर्जे मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. कामगाराच्या स्वस्त ताटाखाली कोणाचे कर्ज होते, हे त्यावरून दिसते. आजही ताट स्वस्त झाले तर त्याची कारणे दोन प्रकारची असू शकतात. तेच तेल पुन्हा तापविले, आमटीत पाणी वाढविले किंवा पोळ्या लाटणाऱ्या बाईस कमी दिले, तर ती स्वस्ताई दुसऱ्याच्या जिवावरची आहे. परंतु दुसरी एक प्रामाणिक स्वस्ताईही आहे. मेंबर ठरलेले असले की उद्या किती पोळ्या लागतील हे आजच कळते. अन्न वाया जात नाही. पैसे महिन्याच्या आरंभी हाती आल्यामुळे धान्य एकदम भरता येते आणि एकोणीस किलोचा सिलिंडर किती दिवस पुरेल याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे खाणावळ ज्या मेंबरांमुळे स्वस्त राहते, त्यांनाच पाहुण्यांची गर्दी बाहेर ढकलते. मग स्वस्ताई कशी टिकावी?

तर मग खाणावळीची परीक्षा करावी तरी कशी? आमच्या त्या विद्यार्थ्याने व त्याच्या सोबत्यांनी आम्हांस जे शिकविले ते येथे नमूद करितो. खाणावळीत साडेबारास जाऊ नये, दोन वाजता जावे. आमटीचा खरा स्वभाव पातेल्याच्या तळाशी कळतो. दुपारी उरलेली बटाट्याची भाजी रात्री पावभाजी होऊन अवतरते की नाही, हे दोन्ही वेळा जेवल्यावाचून समजत नाही. पावसाळ्यात भाज्या कडाडल्या म्हणजे आठवड्यात बटाटा किती वेळा येतो, हे मोजावे. रविवारी संध्याकाळी चूल बंद असते हे पैसे घेतानाच सांगितले जाते काय, ते पाहावे. सर्वांत मोठी कसोटी खाड्यांची. दिवाळीस आठ दिवस गावी गेलेल्या मुलाचे खाडे खळखळ न करिता जो वजा करितो, त्याच्या स्वयंपाकघराविषयी सहसा शंका घ्यावी लागत नाही. आणि एखादा मेंबर तापाने पडला असता त्याच्या मित्राबरोबर न मागता मऊ भाताचा डबा जेथून जातो, तेथे पदार्थांची यादी पाहण्याचे कारणच उरत नाही.

यांपैकी एकही कसोटी एका जेवणात लावता येण्याजोगी नाही. एखाद्या कादंबरीचे पहिले प्रकरण वाचून अभिप्राय देणाऱ्या टीकाकारास आपण बेजबाबदार म्हणतो. मग एक ताट जेवून खाणावळीवर शिक्कामोर्तब करणाऱ्यास काय म्हणावे? आमची सूचना एवढीच की, ज्याला खाणावळीवर लिहावयाचे असेल त्याने निदान एक महिना पैसे भरून तेथे जेवावे, शेजारच्या बाकावरील मेंबरास आपल्या लिहिण्याविषयी विचारावे, आणि त्या जागेत आणखी दहा माणसांस जागा आहे काय हे पाहूनच पत्ता छापावा. मिसळीच्या दुकानांस हा नियम लागू नाही. त्यांची जाहिरात खुशाल करावी.

वाचक म्हणतील, लेख खाणावळींवर आणि त्यात जेवावयास जाण्याजोगे एकही नवे नाव नाही! आक्षेप योग्य आहे. परवाच नांदेडकडून नव्याने आलेल्या एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "सर, जेवणाची सोय कुठे करू?" नारायण पेठेतील एक ठिकाण आम्हांस ठाऊक आहे, दोन महिने आम्ही तेथे दुपारचे जेवलो आहोत. ते आम्ही तिला सांगितले. येथे मात्र ते छापीत नाही.