लाल पेन अजून नोकरीतच

दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकं विकायला बसणाऱ्यांत एक माणूस हमखास असतो. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, पुढ्यात चादर आणि चादरीवर स्वतःच्याच कादंबरीचा गठ्ठा. हे आपले रिटायर झालेले गुर्जी. ग्रॅच्युइटीतून पैसे काढले, प्रकाशक म्हणून बायकोचं नाव टाकलं आणि अर्ध्या किमतीत पुस्तक देताहेत. अशा शाळेवरच्या कादंबऱ्या मी नेमानं घेतो आणि वाचतो. आपले समीक्षक मात्र त्यांच्यावर ओळसुद्धा लिहीत नाहीत. म्हणून हे टिपण.

स्वतः छापलं म्हणजे कच्चं, हा प्रस्थापितांचा समज आहे. आपण तो डोक्यावर घ्यायचं कारण नाही. याच नागपुरात किसन फागोजी बनसोडे यांनी १९१० साली स्वतःचा छापखाना काढला. आपलं म्हणणं दुसरा कोणी छापणार नव्हता, म्हणून काढला. गुर्जी त्याच वाटेनं चालतात. भांडण छपाईशी नाही. भांडण आहे आतल्या मजकुराशी.

मजकूर साधारण असा असतो. खेड्यातली पडकी शाळा. आदर्शवादी तरुण मास्तर. एक हुशार पण गरीब पोरगा. एक खाष्ट मुख्याध्यापक. मास्तर पोराची फी भरतो, पोरगा कलेक्टर होतो, शेवटी लाल दिव्याची गाडी येते आणि साहेब मास्तरच्या पाया पडतात. वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं, खोटं कशाला बोलू? पण पुस्तक मिटलं की प्रश्न पडतो. पोराचं आडनाव काय होतं? तो पाणी कुठे प्यायचा? बाकावर त्याच्या शेजारी कोण बसायचं?

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जातीचा रकाना असतो. गुर्जींनी जन्मभर तो स्वतःच्या हातानं भरला. आणि कादंबरीत आला की तोच रकाना कोरा! महार पोरगा ‘गरीब’ होतो, मांगाची पोर ‘अनाथ’ होते. जातीचं दुःख गरिबीच्या खात्यात जमा केलं की सगळ्यांना वाचायला बरं वाटतं. संस्थेच्या अध्यक्षालाही.

वास्तविक त्या एका रकान्यात अख्खी कादंबरी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धम्म घेतला. केंद्रानं बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं ते १९९० च्या दुरुस्तीनंतर. मधली चौतीस वर्षं दाखला लिहिणाऱ्या आपल्याच मास्तरच्या हातात पेन होतं. ‘बौद्ध’ लिहावं तर बाबासाहेबांशी इमान, ‘महार’ लिहावं तर पोराला केंद्राच्या नोकरीत राखीव जागा. समोर बाप उभा, बापाच्या मागे पोरगं. त्या क्षणी मास्तरनं काय केलं? हे फक्त त्यालाच माहीत आहे. आणि तोच सांगत नाही.

गुर्जी म्हणतील, बाप्पा, गावात राहायचं आहे, म्हणून तर कादंबरी लिहिली. नावं बदलली. कबूल. पण नावं बदलायची ती धीर यावा म्हणून. नावाबरोबर जातही बदलून टाकली तर बदललेलं नाव काय कामाचं? आणि धीराचंच म्हणाल तर कुमुद पावडे याच नागपूरच्या. त्यांचं ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आलं. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या सोमकुवरांच्या पोरीला नोकरी मिळेना. पावडे आडनाव लागलं आणि नोकरी चालत आली. नोकरीचं श्रेय आपल्या पदवीला द्यायचं की सासरच्या आडनावाला, हा हिशेब त्यांनी उघड मांडला. पेन्शनची वाट पाहिली नाही. माधव कोंडविलकर कोकणात प्राथमिक शिक्षक. ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ १९७९ चं. गावाचं नाव त्यांनी थेट पुस्तकाच्या माथ्यावर छापलं.

दुसरी गोष्ट भाषेची. गुर्जींच्या कादंबरीत पोरंसुद्धा प्रमाण मराठी बोलतात. भुकेला पोरगा ‘गुर्जी, मले भूक लागली’ म्हणत नाही, ‘गुरुजी, मला क्षुधा लागली आहे’ म्हणतो. जन्मभर वह्यांवर फिरवलेलं लाल पेन आता स्वतःच्या आईच्या बोलीवर फिरतं. शांताबाई कांबळे पाहा. १९४२ साली सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या, १९८१ साली निवृत्त. मग लिहायला बसल्या. १९८३ पासून ‘पूर्वा’ मासिकात क्रमशः आलं, १९८६ साली पुस्तक झालं. नाव काय? ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. जवळपास चाळीस वर्षं शिक्षण खात्यात काढलेल्या बाईनं ‘माझ्या जन्माची’ असं शुद्ध लिहिलं नाही. लिहिता आलं नसतं का? पण त्या दिवशी लाल पेन त्यांनी बाजूला ठेवलं. माझ्या मते त्यांची खरी निवृत्ती तीच.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. या कादंबऱ्यांत मास्तर कधी चुकत नाही. त्यानं कुणाला झोडपलं नाही. संस्थाचालक जातीवरून बोलला तेव्हा तो खाली मान घालून हजेरी घेत राहिला नाही. त्याच्या वर्गातून कोणी पोर गळलं नाही. असा वर्ग मी पाहिलेला नाही. ज्या खुर्चीवर तो बसला ती खुर्चीही फुकट मिळालेली नव्हती. जाईबाई चौधरींना नागपुरात मिशनच्या शाळेत काम मिळालं. अस्पृश्य बाई शिकवते हे कळल्यावर सवर्णांनी आरडाओरडा केला आणि काम गेलं. १९२२ साली त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. एवढं सोसून मिळालेल्या खुर्चीवर बसून आपण काय केलं, काय करायचं राहिलं, याचा जाब कादंबरीनं द्यायला नको?

हे मी गुर्जींना कमी लेखायला लिहीत नाही. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, संस्थांच्या शाळांत आपल्या दोन-तीन पिढ्या कशा शिकल्या आणि कशा गळाल्या, हे याच माणसांनी रोज डोळ्यांनी पाहिलं. इन्स्पेक्टरच्या शेऱ्यात ते नाही, मस्टरमध्ये नाही, प्राध्यापकांच्या प्रबंधात तर नाहीच. या माणसांबरोबर ते मसणात गेलं तर पुन्हा कोणी सांगणारा उरणार नाही. म्हणून राग येतो.

तेव्हा गुर्जी, पुढची कादंबरी कलेक्टर झालेल्या पोराची लिहू नका. तो स्वतःची लिहील, त्याला छापणारेही भेटतील. चौथीनंतर ज्याच्या नावावर तुम्ही रेघ मारली आणि शेऱ्यात ‘सतत गैरहजर’ लिहिलं, त्याची लिहा. त्याचं आडनाव लिहा. तो कुणाच्या वावरात कामाला लागला ते लिहा. त्याच्या तोंडी त्याचीच बोली ठेवा. आणि रेघ मारताना तुमच्या मनात काय आलं, तेही लिहा.