मैदान दाखवा, त्याचं पाणीही दाखवा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर टर्नबेरी नावाचं गोल्फचं मैदान आहे. समुद्राला लागून खडक, त्यावर दीपगृह आणि दीपगृहाच्या अंगाने जाणारं हिरवळीचं वळण. ब्रिटनची ‘ओपन’ स्पर्धा इथे 1977पासून 2009पर्यंत चार वेळा झाली. 2014मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ते विकत घेतलं. जानेवारी 2021मध्ये ट्रम्प समर्थकांनी अमेरिकी संसदेच्या इमारतीवर हल्ला केला आणि त्यानंतर काही दिवसांतच ओपन भरवणाऱ्या संस्थेने जाहीर केलं, की नजीकच्या काळात तिथे स्पर्धा होणार नाही. मार्च 2025मध्ये आंदोलकांनी त्याच हिरवळीवर गाझाबद्दलची घोषणा भल्यामोठ्या अक्षरांत रंगवली. आता या मैदानाचं परीक्षण करायला कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाने फक्त वारा, वाळूचे खड्डे आणि दीपगृह एवढंच सांगून परत यायचं का?

गोल्फच्या प्रवास-व्हिडिओंमध्ये राजकारण असावं की नसावं, हा प्रश्न सोलापूरच्या वाचकाला दूरचा वाटेल. पण तो आपल्या दारातला आहे. एप्रिल 2016 आठवा. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी आपल्याच जिल्ह्यातून लातूरला जात होती. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले, कारण मैदानाला लागणारं पाणी. त्या उन्हाळ्यात कुणी या राज्यातल्या एखाद्या गोल्फ मैदानाची हिरवळ किती मऊ आहे एवढंच सांगितलं असतं, तर ते परीक्षण अर्धवट ठरलं असतं. हिरवळ कोणत्या पाण्यावर जगते, हे तिच्या गुणवत्तेइतकंच तिच्याबद्दलचं सत्य आहे. मैदानात कुणाला प्रवेश मिळतो, हेही तसंच. जगातलं सर्वांत देखणं मानलं जाणारं अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल. त्या क्लबाने पहिला कृष्णवर्णीय सदस्य 1990मध्ये घेतला आणि स्त्रियांना 2012मध्ये. तिथल्या फुलझाडांचं वर्णन करताना ही दोन सालं गाळणारा परीक्षक कमी बोलतो असं नाही, तो चुकीचं चित्र उभं करतो.

मराठी प्रवासवर्णनाला ही गोष्ट कुणी शिकवायची गरज नव्हती. वरसईचे विष्णुभट गोडसे चार पैसे मिळतील म्हणून उत्तरेत निघाले आणि 1857च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907मध्ये छापून आला. त्यातून तीर्थक्षेत्रं बाजूला काढता येतील, झाशीचा वेढा काढता येणार नाही. पंडिता रमाबाईंनी 1889मध्ये अमेरिकेवर लिहिलं, तेव्हा पुस्तकाच्या नावातच ‘लोकस्थिती’ आधी ठेवली आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. तिथल्या संस्थांचं कौतुक त्यांनी मनापासून केलं आणि गुलामगिरीबद्दल, मूळ रहिवाशांवरच्या अन्यायाबद्दलही तितकंच स्पष्ट लिहिलं. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ 1940चं. लंडन ते रशिया या प्रवासातून राजकारण वगळलं तर नावसुद्धा उरत नाही. म्हणजे आपल्याकडे या लेखनप्रकाराची घडण होत होती तेव्हापासूनच ठिकाण आणि सत्ता यांचा संबंध लेखकांनी पाहिला होता.

मग आजचे मराठी प्रवास-व्हिडिओ इतके गुळगुळीत का? तंत्रात ते मागे नाहीत. ड्रोन आहे, आवाज स्वच्छ आहे, संकलनाला वेग आहे. गडांवर भटकणाऱ्या तरुणांनी तर पूर्वी पुस्तकांतच सापडणाऱ्या वाटा घराघरांत पोचवल्या, हे काम मोठं आहे. उणीव आहे ती कुतूहलाची. ठिकाण ‘अप्रतिम’ आणि जेवण ‘एक नंबर’ म्हटलं की सांगायचं संपतं. सोलापूर दाखवायला आलेला कॅमेरा सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, शेंगाचटणी आणि कडक भाकरी, चादरीचं एक दुकान या ठरलेल्या फेरीतून बाहेर पडत नाही. चादरीच्या दुकानात भाव विचारला जातो. शहराला गिरणगाव बनवणारी जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू यांसारख्या गिरण्या बंद का पडल्या आणि बाहेर तयार झालेला माल ‘सोलापुरी’ म्हणून का खपतो, हे विचारलं जात नाही. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून गाडी जाते. मे 1930मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं, हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. ते अर्धं मिनिटही मिळत नाही.

शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेला नळदुर्ग घ्या. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातला आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून धबधबे कोसळतात. अरुंद पायऱ्या उतरून महालात गेलं, की समोरच्या झरोक्यापलीकडे पाण्याचा पडदा आणि आत कोरडी दगडी खोली. आदिलशाहीतल्या या बांधकामाचं जितकं कौतुक व्हिडिओंत होतं तितकं कमीच आहे. पण आज तो किल्ला ज्या स्थितीत दिसतो, ती राज्य सरकारच्या धोरणामुळे. स्मारकांच्या संगोपन योजनेखाली तो खासगी कंपनीकडे सोपवला गेला. बाग, स्वच्छता, तिकीट हे सारं त्यातून आलं. ही व्यवस्था चांगली की वाईट यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात. माझ्या मते पडझड थांबली ही जमेची बाजू आहे, मात्र गावच्या माणसाला आपल्याच किल्ल्यात शिरायला काय मोजावं लागतं, हेही परीक्षणात आलं पाहिजे. तिकिटाची रक्कम सांगायची आणि ते कुणी, कोणत्या कराराने लावलं हे सांगायचं नाही, याला राजकारण टाळणं म्हणत नाहीत. माहिती अर्ध्यावर सोडणं म्हणतात.

नान्नजला तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. बार्शी रस्त्यावरचा हा माळ माळढोक पक्ष्यासाठी ओळखला गेला, 1979मध्ये अभयारण्य झालं. आज व्हिडिओंत तिथली काळविटं दिसतात, नशीब असेल तर लांडगा दिसतो, निवेदक हलक्या आवाजात बोलतो आणि माळढोकाबद्दल ‘आता दुर्मीळ झालाय’ एवढं सांगून पुढे जातो. दुर्मीळ आपोआप झाला नाही. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्यात धरलं गेलं होतं. त्यात शेतं होती, गावं होती. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामं अडली आणि शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयी राग बसला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर उजनी धरणाच्या पाण्याने जिल्ह्यात ऊस पसरला होता, साखर कारखाने उभे राहिले होते, गवताचा माळ नांगराखाली गेला होता. अभयारण्याची रेघ कागदावर आधी भरमसाट मोठी आखणं आणि मग तीच पुसत जाणं, या दोन्ही निर्णयांची किंमत त्या पक्ष्याने आणि त्या शेतकऱ्याने मोजली. हे न सांगता काळविटाची उडी कितीही सुंदर टिपली तरी तो नान्नजचा व्हिडिओ होत नाही. कुठल्याही माळाचा होतो.

उजनीचंही तसंच. जलाशयावरचे रोहित पक्षी सगळे दाखवतात. धरणाखाली गेलेली गावं, पाणी ओसरलं की वर येणारं पळसदेवचं मंदिर, 2021मध्ये पाच टीएमसी पाणी इंदापूरकडे वळवण्याच्या निर्णयावरून जिल्ह्यात उसळलेला आणि अखेर तो निर्णय मागे घ्यायला लावणारा असंतोष, हे त्याच पाण्याचं वर्तमान आहे. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथला प्रेक्षक उजनीचा सूर्यास्त वेगळ्या नजरेने बघतो. जून 2025मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं, तेव्हा खिडकीतून दिसणारं शहर दाखवणाऱ्यांनी या विमानसेवेसाठी जून 2023मध्ये पाडलेल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचं नाव तरी घ्यायला हवं होतं. त्या चिमणीवरून सोलापूर किती वर्षं दुभंगलं होतं!

मात्र ठिकाणात मुरलेलं राजकारण वेगळं आणि घरून बांधून नेलेलं वेगळं. गडावर उभं राहून दिल्लीतल्या नेत्याची आरती किंवा शिवीगाळ करणं, कुठल्याही चौथऱ्याकडे बोट दाखवून पुराव्याविना इतिहास ठोकून देणं, दर्गा दिसला की आवाज चढवणं, याला माझा ठाम विरोध आहे. विशाळगडाच्या अतिक्रमणाच्या प्रश्नावरून जुलै 2024मध्ये पायथ्याच्या गजापुरात लोकांच्या घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. ऐतिहासिक जागेबद्दल बेजबाबदार बोलण्याचे परिणाम कुठवर जाऊ शकतात, हे त्यानंतर तरी कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या प्रत्येकाने ओळखावं. कसोटी साधी आहे. जे म्हणतोय ते या जागेच्या दगडाशी, पाण्याशी, तिकिटाशी, इथे राहणाऱ्या माणसाशी जोडता येतं का? कागद दाखवता येतो का? नसेल तर ते त्या व्हिडिओत नको.

आणि ‘आम्ही राजकारणात पडत नाही’ म्हणणाऱ्यांनाही एक विचारायचं आहे. प्रवास, राहणं, जेवण कुणाच्या खर्चाने झालं? जाहिरातींसाठीच्या एएससीआय या स्वनियामक संस्थेने 2021मध्येच सांगितलं आहे, की मोबदला किंवा फुकट सोय घेतली असेल तर ती प्रेक्षकाला कळली पाहिजे. हॉटेलचा पाहुणचार असो की सरकारी दौऱ्याचं निमंत्रण, ते लपवून केलेली स्तुती हेसुद्धा राजकारणच आहे, फक्त एका बाजूचं.

सोलापूरच्या मुलामुलींच्या हातात आज चांगले कॅमेरे आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषांत इथल्या माणसांशी बोलणं त्यांना जमतं, पुण्या-मुंबईहून आलेल्याला ते जमणार नाही. त्यांनी नान्नजच्या माळावर जावं, काळवीट जरूर टिपावं आणि मग शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावं, की अभयारण्य आलं तेव्हा तुमच्या सातबाऱ्याचं काय झालं. उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं आणि ते न कापता दाखवावं.