अंगणवाडीतील बालक कोणते?

बालकेंद्री शिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा माँटेसरीबाईंच्या साधनांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ताराबाई मोडकांनी त्या महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने आणली, हे त्यांचे कार्य म्हणून सांगितले जाते. परंतु साधन स्वस्त करणे ही काटकसर झाली. तिला नवा विचार म्हणता येणार नाही.

विचार पालटला तो अन्यत्र. १९४५ साली बोर्डीस ताराबाईंचे बालशिक्षणकार्य सुरू झाले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. बालकाच्या उंचीची चौरंगे मांडणारी पद्धतीही बालक दारात आले आहे असे गृहीत धरते. येथे ते गृहीतच मोडले. (रोममधील १९०७ चे पहिले बालगृह कामकऱ्यांच्या चाळीतच होते, ही गोष्ट साधनभक्त विसरतात.) पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी अनुताई वाघांसह पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र जोडून विकासवाडी उभी राहिली. धाकट्या भावंडाला कडेवर घेणारी मुलगी शिकावयाची, तर भावंडाचीही सोय हवी. अमूर्त बालकाला भावंडे नसतात.

१९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. पूर्वप्राथमिक शिक्षण तीत सहा सेवांपैकी एक ठरले. आहार व लसीकरण यांची निकड कोण नाकारील? तथापि नोंदवहीत मुलाचे वजन लिहिले जाते. ते कशापाशी रमले, हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे?